शिरक्यावरची साय आणि शेतातला कापूस

मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या आपल्या परिसरात कापूस म्हणजे काय हे कोणी कोणास शिकवावे लागत नाही. बोंड उमलल्यापासून वेचणीपर्यंत आणि वेचणीपासून बाजारातील मापापर्यंतचा त्याचा सारा प्रवास आपल्या डोळ्यांसमोरच होत असतो. तरीही कापूस हा मुळात कोणत्या द्रव्याचा बनलेला आहे, असे कोणी विचारल्यास आपणांपैकी बहुतेकांस क्षणभर थांबावे लागेल. रसायनशास्त्र सांगते, की सरकी वेगळी केल्यावर उरणारी कोरडी रुई सुमारे ९० ते ९५ टक्के सेल्युलोज या एकाच द्रव्याची असते. लाकडातही सेल्युलोज असते. परंतु तेथे त्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असून इतर द्रव्यांशी ते घट्ट गुंतलेले असते. एवढ्या शुद्ध स्वरूपात सेल्युलोज देणारे पीक कपाशीखेरीज क्वचितच आढळेल.

हेच सेल्युलोज शेतावाचून आणि झाडावाचून, डोळ्यांस न दिसणारा एक जीवाणू तयार करतो. अशी वार्ता कानी आली, की ज्या घरांचा संसार कपाशीवर चालतो त्या घरांतील माणसांच्या मनात शंका उद्भवणे साहजिक आहे. हा जीवाणू उद्या आपल्या कपाशीची जागा घेईल काय? या शंकेचे उत्तर भीतीने देऊ नये आणि केवळ कौतुकानेही देऊ नये. ते परीक्षेने द्यावे. त्यासाठी तीन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत: हा जीवाणू सेल्युलोज कसे करतो, ते खरोखर सेल्युलोजच आहे हे कशावरून ओळखावयाचे, आणि त्याच्या निर्मितीस खर्च काय पडतो.

प्रथम सेल्युलोज या द्रव्याची ओळख करून घेऊ. अँसेल्म पायाँ या फ्रेंच रसायनज्ञाने १८३८ साली निरनिराळ्या वनस्पतींच्या ऊतींतून एकच पांढरे तंतुमय द्रव्य वेगळे काढले. तेच हे सेल्युलोज. त्याचा रेणू म्हणजे ग्लुकोज या शर्करेच्या हजारो मण्यांची एक लांब माळ होय. गंमत अशी, की बटाट्यातील किंवा तांदळातील पिष्ट, म्हणजे स्टार्च, हेही ग्लुकोजच्याच मण्यांचे असते. मग एकाचा भात होतो आणि दुसऱ्याचे धोतर होते, हे कसे? फरक मण्यांत नसून गुंफणीत आहे. पिष्टात मणी अशा रीतीने जोडलेले असतात, की माळ वळत जाऊन तिला मळसूत्रासारखा पीळ पडतो. सेल्युलोजमध्ये मात्र प्रत्येक दुसरा मणी उलटा बसविलेला असतो, त्यामुळे माळ सरळ राहते. अशा सरळ माळा शेजारी शेजारी बसल्या, की त्या परस्परांस बळकट धरून ठेवतात. त्यांचे तंतू पाण्यात विरघळत नाहीत, आणि आपल्या पोटातील पाचकरसांना ती गुंफण सोडविता येत नाही. गाईम्हशी कडबा पचवितात तो त्यांच्या पोटात वस्ती करणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने.

आता जीवाणूकडे वळू. त्याची भेट घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. आपल्याकडे जांभळाचा किंवा उसाचा शिरका घालतात. गोमंतकात माडाच्या सुरेपासून शिरका करण्याची जुनी परिपाटी आहे. या सर्वांची कृती मूलतः एकच आहे. गोड रस प्रथम आंबतो व त्यातील साखरेचे किण्वाच्या योगाने मद्य होते. नंतर हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने काही जीवाणू त्या मद्याचे ॲसिटिक आम्ल करतात. रसास आंबटपणा येतो तो या आम्लाने. असा घरगुती शिरका न हलविता बरेच दिवस ठेवला, तर कधी कधी त्याच्या पृष्ठभागावर दुधावर साय धरावी तसा एक चिवट, बुळबुळीत पापुद्रा धरतो. पाहणाऱ्यास वाटते, की शिरका नासला. वस्तुतः ती साय शिरका करणाऱ्या जीवाणूंच्याच कुळातील एका जातीने विणलेली असते.

या सायीचे मर्म प्रथम उलगडले ते एड्रियन ब्राऊन या इंग्रज रसायनज्ञाने. तो बर्टन या गावी मद्यनिर्मितीच्या धंद्यात रसायनज्ञ म्हणून काम करीत होता. १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने हा पापुद्रा निर्माण करणारा जीवाणू वेगळा करून दाखविला आणि पापुद्र्याचे द्रव्य सेल्युलोज असल्याचे प्रतिपादन केले. जीवाणूस त्याने 'बॅक्टेरियम झायलिनम' असे नाव दिले. लॅटिन भाषेत 'झायलिनस' या विशेषणाचा अर्थच मुळी 'कापसाचा' असा आहे. पुढे वर्गीकरण बदलत गेले तसे या जीवाणूचे कुलनामही बदलले. तो ॲसिटोबॅक्टर झाला, मग ग्लुकोनॲसिटोबॅक्टर झाला, आणि आता काझुओ कोमागाटा या जपानी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या गौरवार्थ त्यास कोमागाटाइबॅक्टर म्हणतात. आडनाव इतक्या वेळा पालटले, परंतु 'कापसाचा' हे त्याचे विशेषण मात्र कायम राहिले.

हा जीवाणू विणतो कसा? १९७६ साली अमेरिकेत माल्कम ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली जिवंत जीवाणूचे विणकाम प्रत्यक्ष पाहिले. या जीवाणूचे शरीर लांबट कांडीसारखे असते. त्या कांडीच्या लांबीस अनुसरून, एका ओळीत, सुमारे ५० ते ८० सूक्ष्म रंध्रे असतात. जीवाणू आपल्या शरीरात घेतलेल्या ग्लुकोजच्या माळा ओवतो व या रंध्रांतून बाहेर सोडतो. बाहेर पडताच शेजारच्या माळा एकमेकींस चिकटून बारीक तंतू होतात, आणि ते तंतू जुळून एक चपटी फीत तयार होते. ही फीत मिनिटास सुमारे २ मायक्रोमीटर या वेगाने वाढताना त्यांना दिसली. हजार मायक्रोमीटर मिळून एक मिलिमीटर होतो. म्हणजे हे काम अखंड चालू राहिले, तर एका दिवसात एक जीवाणू जवळजवळ ३ मिलिमीटर लांबीची फीत काढील. त्याच्या स्वतःच्या शरीराची लांबी काही मायक्रोमीटर एवढीच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या उद्योगाचे मोल कळते. असे असंख्य जीवाणू पृष्ठभागाजवळ इतस्ततः फिरत फिती सोडतात, त्या एकमेकींत गुंततात, आणि तीच आपली साय होय.

जीवाणू हा खटाटोप कशासाठी करतो, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्यास जगण्यासाठी हवा लागते. सायीच्या आधाराने तो द्रवाच्या पृष्ठभागाशी, हवेच्या सान्निध्यात राहू शकतो. शिवाय ओली साय त्यास शुष्कतेपासून व प्रखर किरणांपासून काही अंशी संरक्षण देते. कपाशीचे झाड सरकीच्या अंगावर तंतू धरते, आणि हा जीवाणू स्वतःसाठी तराफा विणतो. हेतू भिन्न, परंतु द्रव्य एकच.

आता प्रयोगशाळेत त्याचे उत्पादन कसे करतात ते पाहू. जेरुसलेम येथील हेस्ट्रिन व श्राम या दोघा शास्त्रज्ञांनी १९५४ साली या जीवाणूच्या अन्नाची एक कृती दिली, ती आजही जगभर वापरली जाते. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ५ ग्रॅम पेप्टोन हे प्रथिनजन्य द्रव्य, ५ ग्रॅम किण्वाचा अर्क, आणि थोडे फॉस्फेट व सायट्रिक आम्ल, असे हे अन्न असते. ते उकळत्या वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून निववितात, त्यात विरजण घालावे तसे थोडे जीवाणू सोडतात, आणि सुमारे २८ ते ३० अंश सेल्सिअस उष्णतामानात स्थिर ठेवतात. भांडे उथळ व रुंद असलेले बरे, कारण साय पृष्ठभागावरच धरते. पृष्ठभाग जितका विस्तृत, तितकी साय अधिक. दोनतीन दिवसांत पातळ पडदा दिसू लागतो आणि एकदोन आठवड्यांत त्याची जाड वडी होते. भांड्याचा जो आकार, तोच वडीचा आकार.

शुद्ध रसायनांऐवजी स्वस्त अन्नही चालते. फिलिपीन्स देशात नारळाच्या पाण्यावर हीच साय धरवून तिच्या वड्या साखरेच्या पाकात घालून खातात. त्या मिठाईस 'नाटा दे कोको' म्हणतात. म्हैसूर येथील संरक्षण खाद्य संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २००८ साली या नाटाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. आंबटपणा मोजण्याच्या पीएच या मापावर ४, साखर १० टक्के व अमोनियम सल्फेट अर्धा टक्का, असे प्रमाण ठेवल्यास गुळगुळीत व मऊ वडी उतरते, असे त्यांना आढळले. येथे पाककृती व शास्त्र यांतील भेद ध्यानात येतो. अंदाजाने चांगला जमलेला पदार्थ दुसऱ्या दिवशी तसाच जमेल याची शाश्वती नसते. प्रत्येक घटक मोजून एकेक बदलून पाहिल्यावरच तो हुकमी जमतो.

आपल्या मराठी मुलखातही या विषयावर काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक उपयोगाच्या सूक्ष्मजीवांचा एक राष्ट्रीय संग्रह आहे. बियाण्याच्या कोठाराप्रमाणे तेथे निरनिराळे जीवाणू जिवंत जतन करून ठेवतात व संशोधकांस पुरवितात. या संग्रहातील ग्लुकोनॲसिटोबॅक्टर हॅन्सेनी नावाचा, आपल्या जीवाणूचा जवळचा भाऊबंद, जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील भावना मोहिते व सतीश पाटील यांनी अभ्यासासाठी घेतला. जळगाव हाही आपल्यासारखाच कापसाचा मुलूख. त्याच मातीतील कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव या विद्यापीठास २०१८ साली देण्यात आले. मोहिते, पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा जीवाणू हलत्या द्रवात वाढवून सेल्युलोजचे उत्पादन कसे वाढविता येते ते दाखविले, आणि २०१४ साली त्या सेल्युलोजची भौतिक, रचनात्मक, यांत्रिक व औष्णिक लक्षणे तपासून मांडली.

हलत्या द्रवात वाढविण्याचे कारण असे, की स्थिर भांड्यात हवा केवळ पृष्ठभागास मिळते व काम संथ चालते. भांडे यंत्राने सतत हलवीत ठेवले, तर हवा सर्वत्र पोहोचते. परंतु मग साय सलग धरत नाही. तिच्याऐवजी गोळ्या किंवा गुठळ्या तयार होतात. शिवाय अशा घुसळणीत सेल्युलोज न विणणारे जीवाणूही निपजतात, आणि ते अन्न खाऊन उत्पन्न घटवितात. साखरेचा काही भाग ग्लुकोनिक आम्लात वाया जातो, ते वेगळेच. तेव्हा जीवाणूच्या शेतीतही मशागत आहे, तण आहे आणि नुकसानही आहे.

साय तयार झाली तरी ती लगेच वापरता येत नाही. तिच्यात जीवाणू व अन्नाचे अंश अडकलेले असतात. म्हणून ती प्रथम पाण्याने धुतात, नंतर कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात सुमारे ८० ते ९० अंशांवर तापवितात, आणि शेवटी पाणी उदासीन होईपर्यंत पुनःपुन्हा धुतात. पिवळट साय आता पांढुरकी, काचेसारखी अर्धपारदर्शक दिसू लागते. लाकडातून सेल्युलोज काढताना जी तीव्र रसायने वापरावी लागतात त्यांची येथे गरज नसते, कारण लाकडातील लिग्निनसारखी इतर द्रव्ये हिच्यात मुळातच नसतात.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येऊ. हे द्रव्य सेल्युलोजच आहे, हे कशावरून? दिसायला पांढरे आहे म्हणून? पांढरे तर मीठही असते. आपल्या बाजारात कापसाची पारख कशी होते ते आठवा. व्यापारी मूठभर कापूस उचलतो, दाबून त्यातील ओल पाहतो, तंतू ओढून लांबी अजमावतो, रंग न्याहाळतो, पत्ती व कवडी किती आहे ते बघतो. एका खुणेवर तो भाव ठरवीत नाही. शास्त्रज्ञाची रीतही हीच, फक्त त्याची प्रत्येक खूण आकड्यात मोजता येते. मुंबईस माटुंगा येथे १९२४ साली स्थापन झालेल्या, कापसाच्या तंत्रज्ञानास वाहिलेल्या संस्थेत कापसाच्या तंतूंची अशीच शास्त्रीय परीक्षा होत आली आहे.

पहिली परीक्षा पाण्याची. ओली साय तोलून, पूर्ण वाळवून पुन्हा तोलली, तर १०० ग्रॅम सायीतून जेमतेम एक ग्रॅम कोरडे द्रव्य उरते. उरलेले सारे पाणी! हमीभावाने कापूस खरेदी करताना त्यातील ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या मर्यादेत आहे की नाही हे पाहतात. येथे तर ९९ टक्के ओलावा आहे.

दुसरी परीक्षा रसायनांची. आयोडिनचा थेंब बटाट्यावर टाकला, की निळा-काळा रंग येतो, कारण तेथे पिष्ट असते. कापसावर किंवा या सायीवर नुसते आयोडिन टाकल्यास तसा रंग येत नाही. आयोडिनसोबत तीव्र गंधकाम्ल लावल्यास मात्र निळा रंग येतो. ही सेल्युलोजची खूण होय. श्वाइट्सर या स्विस रसायनज्ञाने १८५७ साली दाखविले होते, की तांब्याच्या अमोनियायुक्त गर्द निळ्या द्रावणात सेल्युलोज विरघळते. एड्रियन ब्राऊनने आपला पापुद्रा याच द्रावणाच्या कसोटीस लावला, तेव्हा तो विरघळला. तीव्र आम्लात विरघळवून, पाणी घालून उकळल्यावर त्यातून शर्करा निघाली. माळ तुटून मणी मोकळे झाले, असेच म्हणा ना. सेल्युलोजच्या प्रत्येक मण्यात कार्बनचे ६, हायड्रोजनचे १० व ऑक्सिजनचे ५ अणू असतात. त्या हिशेबाने वजनात कार्बन सुमारे ४४.४ टक्के भरला पाहिजे. कापूस घ्या की शुद्ध केलेली साय घ्या, हिशेब एकच येतो.

तिसरी परीक्षा रूपाची. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वाळविलेली साय पाहिली, तर अतिसूक्ष्म फितींचे दाट जाळे दिसते. फितीची रुंदी सामान्यतः १०० नॅनोमीटर किंवा त्याहूनही कमी असते. कापसाचा तंतू सुमारे १५ मायक्रोमीटर रुंद धरला, तर जीवाणूची फीत त्याच्या दीडशेव्या हिश्श्याएवढी किंवा त्याहूनही बारीक ठरते.

चौथी परीक्षा अंतर्रचनेची. क्ष-किरण एखाद्या स्फटिकावरून जाताना ठरावीक कोनांतच प्रखरपणे वळतात, आणि त्या कोनांवरून अणूंची मांडणी ओळखता येते. जीवाणूच्या सेल्युलोजमध्ये सुमारे साडेचौदा, सतरा व पावणेतेवीस अंशांपाशी ठळक शिखरे येतात. ही नैसर्गिक सेल्युलोजची ओळखीची खूण आहे. शिखरे जितकी उंच व टोकदार, तितका त्या द्रव्याचा सुव्यवस्थित, म्हणजे स्फटिकमय, भाग अधिक. अवरक्त किरणांची परीक्षा रेणूतील अणूंचे बंध कोणते आहेत ते सांगते. द्रव्य हळूहळू तापवून वजनातील घट मोजली, तर प्रथम पाणी जाते, आणि साधारणतः ३०० ते ३५० अंशांच्या दरम्यान सेल्युलोजच्या माळा तुटू लागतात. शेवटी वाळलेला पडदा ताणून त्याचे बळ मोजतात. जपानी संशोधकांनी १९८९ साली दाखविले, की असा पडदा ताणास असाधारण दाद देत नाही. त्याची ताठरता १५ गिगापास्कलहून अधिक भरते. याच सुमारास सोनी या जपानी कंपनीने श्रवणासाठी कानास लावावयाच्या हेडफोनमधील कंप पावणारा पडदा या सेल्युलोजचा केला, तो याच गुणामुळे.

या साऱ्या परीक्षांनी कापूस व साय एकाच द्रव्याची ठरली. परंतु परीक्षा आणखी सूक्ष्म झाल्या, तेव्हा एक नवीनच गोष्ट कळली. १९८४ साली व्हँडरहार्ट व अटाला या अमेरिकेतील दोघा शास्त्रज्ञांनी अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुस्पंदनावर आधारलेल्या तंत्राने दाखविले, की नैसर्गिक सेल्युलोज हे दोन किंचित भिन्न रचनांचे मिश्रण असते. त्यांना त्यांनी अल्फा व बीटा अशी नावे दिली. दोन्हींत माळा त्याच, परंतु शेजारच्या माळा परस्परांपाशी सरकवून मांडण्याची रीत थोडी वेगळी. जीवाणूच्या सेल्युलोजमध्ये अल्फा रचनेचे प्राबल्य असते, तर कापसात बीटा रचनेचे. एकाच गिरणीच्या विटा घेऊन दोन गवंड्यांनी दोन तऱ्हांनी भिंती रचाव्यात, तसा हा प्रकार आहे. तात्पर्य, शिरक्यावरची साय व शेतातला कापूस यांचे द्रव्य एक आहे, तथापि वस्तू एक नाहीत.

हा भेद ध्यानात घेतला, की आरंभीच्या शंकेचे उत्तर आपोआप मिळू लागते. कापसाचा तंतू दोनतीन सेंटिमीटर लांब, सुटा व पीळ असलेला असतो, म्हणून त्याचे सूत कातता येते. जीवाणूच्या फिती एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात, की त्यांतून सूत कातण्यासारखे सुटे तंतू निघत नाहीत. उलट, त्याच गुंत्यामुळे ती साय पाणी धरून ठेवते. ओली, मऊ व जंतुविरहित केलेली अशी साय भाजलेल्या किंवा सोललेल्या त्वचेवर पट्टीप्रमाणे ठेवण्याचे प्रयोग ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकापासून झाले आणि तशा पट्ट्या वापरातही आल्या. जखम ओलसर राहते व पट्टी तिला चिकटत नाही. कापसाच्या कोरड्या बोळ्यास हे काम तितके साधत नाही, आणि सायीस सदरा होणे साधत नाही.

आता खर्चाचा हिशेब मांडू. समजा, एक लिटर अन्नातून ५ ग्रॅम कोरडे सेल्युलोज मिळाले. तर एक किलोग्रॅमसाठी २०० लिटर अन्न लागेल, आणि १९५४ च्या कृतीप्रमाणे त्यात ४ किलोग्रॅम ग्लुकोज घालावे लागेल. शिवाय इंधन, धुण्याचे पाणी, सोडा व मजुरी वेगळी. आणि हे ग्लुकोज येते कोठून? मका, ऊस यांसारख्या पिकांतूनच! कपाशीचे झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड, जमिनीतील पाणी व सूर्यप्रकाश यांतून आपली साखर आपणच तयार करते आणि तिचेच तंतू विणते. हा जीवाणू मात्र साखर बनवीत नाही, दुसऱ्याने बनविलेली साखर विणतो. त्याच्या पाठीमागेही शेवटी शेतकरीच उभा आहे.

असा प्रसंग कापसावर पूर्वीही आला आहे. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज विरघळवून त्याचा व्हिस्कोस तंतू काढण्याचा कारखाना आपल्याच मध्य प्रदेशात नागदा येथे १९५४ साली सुरू झाला. व्हिस्कोस आले, पुढे पॉलिएस्टरही आले, आणि बाजारात कापसास वाटेकरी झाले. तरीही कपाशीची शेते आपल्या परिसरात उभीच आहेत. कपाशीपुढील आजच्या अडचणी पाऊस, बोंडअळी व भाव यांच्या आहेत. शिरक्यावरच्या सायीस त्यांचा दोष देता येणार नाही.

उलट, हा जीवाणू आपल्या उपयोगी पडण्याची एक दिशा दिसते. आपल्या भागात कापसाप्रमाणे संत्र्याच्याही बागा आहेत. गळालेली, डागाळलेली फळे आणि रस काढल्यावर उरणारी साल व चोथा यांत साखर शिल्लक असते. चीन व तैवान येथील संशोधकांनी संत्रावर्गीय फळांच्या अशा सालीपासून व चोथ्यापासून अन्न तयार करून त्यावर हा जीवाणू वाढविला आहे. मोहाच्या फुलांतही भरपूर साखर असते. बाजारातील ग्लुकोजऐवजी अशी वाया जाणारी साखर वापरता आली, तर वर मांडलेल्या हिशेबातील सर्वांत मोठा आकडा कमी होईल. तथापि फळे गोळा करणे, रस शुद्ध करणे व प्रत्येक वेळी एकसारखा माल काढणे यांस श्रम पडतात. त्यांचा हिशेब आपल्याच गावाच्या परिस्थितीत कोणीतरी करून पाहिला पाहिजे. तो करणारे हात उद्या आपल्याच शाळेतून का निघू नयेत?

विद्यार्थिमित्रहो, आरंभ करण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. विज्ञानशिक्षकांच्या देखरेखीखाली आयोडिनचा थेंब बटाट्यावर, तांदळाच्या पेजेवर व रुईच्या बोळ्यावर टाकून पाहा, आणि काय दिसले ते दिनांकासह वहीत लिहून ठेवा. तीव्र आम्लाचा प्रयोग मात्र स्वतः करू नका. तो शिक्षकांनी करून दाखविलेलाच पाहावा. घरी शिरक्यावर साय धरलेली आढळली, तर ती न चाखता शाळेत आणून दाखवा. तिच्यावर हिरवी वा काळी लव उगवली असेल तर ती बुरशी समजावी व टाकून द्यावी. एक तुकडा ओला तोला, उन्हात पूर्ण वाळवा आणि पुन्हा तोला. शंभरातील किती भाग पाणी होते, ते तुमच्याच तराजूने तुम्हांस सांगितलेले असेल.

यापुढे 'अमुक वस्तू तमुक वस्तूसारखीच आहे' असे कोणी सांगितले, मग ते बियाण्याविषयी असो, खताविषयी असो वा औषधाविषयी असो, तर एक प्रश्न अवश्य विचारीत जा: कोणत्या परीक्षेवरून? एका सामान्य रसायनज्ञाने हाच प्रश्न शिरक्यावरच्या सायीस विचारला, म्हणून कापसाचा एक अदृश्य सोबती जगास कळला.